तांब्याचे जग

वर्षभर या सदरातून मी शब्दांच्या कुळकथा सांगत असतो. कोणता शब्द फारसीतून आला, कोणता पोर्तुगीजांनी जहाजातून आणून कोकणपट्टीवर उतरवला, कोणत्या शब्दाने माहेरचा अर्थ टाकून सासरचा उचलला, हे सांगण्यात मला आनंद वाटतो आणि वाचकही कौतुकाची पत्रे पाठवतात. त्यामुळे शब्दांच्या व्यवहारात आपल्याला बरेच कळते, असा माझा समज होऊन बसला होता. यंदा तो एका तांब्याने उतरवला. दिवाळीच्या गोडाधोडात माणसाने स्वतःच्या फजितीचे थोडे तिखटमीठ घालावे, म्हणून ती गोष्ट सांगतो.

माझा भाचा, म्हणजे आमच्या थोरल्या आक्काचा मुलगा, शिक्षणाने इंजिनियर. उत्तम पगाराची नोकरी होती. दोन वर्षांपूर्वी ती सोडून तो पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत जाऊन बसू लागला. या आळीत पेशवाईपासून तांब्याची भांडी घडत आली आहेत. भांड्याच्या अंगावर हातोडीचे एकसारखे ठोके देऊन बारीक खळ्यांची जी चकचकीत नक्षी उठवतात, तिला मठारकाम म्हणतात. ती नुसती शोभा नव्हे. ठोक्यांनी पत्रा कठीण होतो आणि भांडे टिकते. घरोघरी स्टील आले, तसा आळीतल्या हातोड्यांचा आवाज मंदावत गेला. भाच्याच्या मनाने घेतले, की ही भांडी परदेशी विकायची. इंग्लंड, अमेरिका आणि जर्मनी हे तीन देश त्याने निवडले, संकेतस्थळ उभारायचे ठरवले, आणि भांडवलासाठी आक्काने हातातल्या पाटल्या काढून दिल्या. आमच्या मेव्हण्यांनी त्या दिवसापासून वर्तमानपत्राआडून बोलणे सुरू केले.

"मामा, इंग्रजी मजकूर तुम्हीच लिहायचा," भाचा म्हणाला. "भाषेतलं तुमच्याइतकं कुणाला कळतं?"

या वाक्याला भुलणार नाही असा प्राध्यापक अजून जन्मायचा आहे. मी तीन रात्री जागून मजकूर लिहिला. झाकणाच्या तांब्याला नुसते भांडे म्हणणे मला जिवावर आले. मी त्याला 'पवित्र कलश' म्हटले, आणि कलशासाठी शब्दकोशातून 'अर्न' हा भारदस्त इंग्रजी शब्द काढला. कीट्ससारख्या कवीने ज्यावर कविता लिहिली, तो शब्द आमच्या तांब्याला लाभला, याचा मला अभिमानच वाटला. या इंग्रजीवरून जर्मन मजकूर यंत्राकडून करवून घेतला. शिवाय एक मराठी पानही असावे, असा मी हट्ट धरला. दुकान उघडले.

तीन महिने गेले. गिऱ्हाईक आत येऊन, भांडे उलटेसुलटे करून, नाक मुरडून गेले असते, तरी परवडले असते. नाक कशाने मुरडले ते तरी कळते. इथे उंबऱ्यापर्यंत कोणी फिरकलेच नाही. तीन महिन्यांत पत्र आले ते एकच, इंग्लंडहून एका बाईंचे. कलशात किती मावते, झाकण घट्ट बसते का, आणि वर नाव कोरून मिळेल का, एवढेच त्यांनी विचारले होते. भाचा धावतच माझ्याकडे आला. आम्ही तांबटकाकांना विचारले आणि मी उत्तर लिहिले: एक लिटर मावते, झाकण पक्के बसते, नाव अवश्य कोरू, रात्री पाणी भरून ठेवावे आणि सकाळी उठल्यावर प्यावे. त्या बाईंचे पुन्हा उत्तर आले नाही.

"पण मामा, गुगलवर तर आपलं दुकान पहिलं दिसतं!" भाचा गोंधळून म्हणे. आणि खरेच, माझ्या घरी बसून शोधले, की ते पहिले दिसे. इथेच पहिली मेख होती. शोधयंत्र हा मोठा चतुर कारकून आहे. प्रश्न विचारणारा कुठे उभा आहे आणि कोणती भाषा बोलतो, हे न विचारता पाहून घेतो, आणि मगच खतावणी उघडतो. पूर्वी गुगलच्या पत्त्याला देशोदेशीची वेगळी शेपटे असत. जर्मन पत्त्यावर जाऊन विचारले, तर जर्मनीची उत्तरे मिळत. ऑक्टोबर २०१७ पासून गुगलने शेपूट पाहणे सोडले आणि माणूस प्रत्यक्ष कुठे आहे, त्यावरून उत्तरे द्यायला सुरुवात केली. एप्रिल २०२५ मध्ये तर ही शेपटेच आता नकोत, सर्वांना एका पत्त्यावर आणू, असे जाहीर केले. तेव्हा पुण्यात बसून आपले दुकान पहिले दिसते म्हणून हुरळणे म्हणजे आरशात पाहून 'हा गृहस्थ ओळखीचा दिसतो' म्हणण्यासारखेच होय. बर्लिनच्या माणसाला काय दिसते, ते बर्लिनच्या बाजूने पाहावे लागते. भाच्याने तशी व्यवस्था करून पाहिले. बर्लिनमध्ये आमचे दुकान नव्हतेच.

मग तपास सुरू झाला. पहिला दोष सापडला दारवानाचा. पाहुणा ज्या देशातून येईल, त्या देशाच्या पानावर त्याला आपोआप ढकलायचे, अशी योजना भाच्याने मोठ्या हौसेने केली होती. अमेरिकेतून आला, अमेरिकेच्या पानावर. जर्मनीतून आला, जर्मन पानावर. आतिथ्य म्हणून कल्पना छान. परंतु दुकानादुकानांतून हिंडून नोंदी करणारा गुगलचा कारकून बहुतांशी अमेरिकेच्या पत्त्यावरून येतो, आणि मला अमुक भाषा हवी असे तोंडाने सांगत नाही. आमच्या दारवानाने त्याला दर खेपेस अमेरिकी पानावर नेऊन बसवले. जर्मन पान त्या बिचाऱ्याने जन्मात पाहिले नव्हते. त्याची नोंद होणार कुठून? गुगल स्वतःच अशी ढकलाढकल करू नका, प्रत्येक भाषेच्या पानाला वेगळा पत्ता द्या आणि निवड पाहुण्यावर सोपवा, असे सांगते. युरोपीय संघाने तर ३ डिसेंबर २०१८ पासून तसा कायदाच लागू केला आहे: गिऱ्हाइकाच्या संमतीवाचून त्याला एका देशाच्या पानावरून दुसऱ्या देशाच्या पानावर नेता येत नाही. दारवानाला रजा देण्यात आली.

दुसरा दोष चिठ्ठ्यांचा. दुकानाची पाने चार असली, तर कोणते पान कोणापुढे ठेवावे हे यंत्राला सांगण्यासाठी प्रत्येक पानाच्या पोटात एक चिठ्ठी ठेवतात. ही पद्धत गुगलने २०११ मध्ये आणली. भाषा कोणती, हे यंत्र पानावरचा मजकूर वाचून स्वतः ठरवते. चिठ्ठीचे काम नाते सांगण्याचे. आणि नाते दोन्हीकडून सांगावे लागते. इंग्लंडच्या पानाने 'जर्मन पान माझे भावंड' म्हटले आणि जर्मन पानाने ओळख दिली नाही, तर यंत्र ते नाते मानत नाही. आमच्या सोयरिकीत असे प्रसंग येतात. यंत्रातही येतात, हे नवीन कळले.

चिठ्ठीवर आधी भाषेची दोन अक्षरे आणि मग हवी तर देशाची दोन अक्षरे लिहितात. दोन्हींच्या याद्या वेगळ्या, अक्षरे मात्र पुष्कळदा तीच. भाच्याने आधी देश आणि मग भाषा, असा आपला सरळ हिशेब केला. मराठी पानावर 'इंडिया' म्हणून 'आय-एन' लिहिले आणि 'मराठी' म्हणून 'एम-आर'. आता भाषांच्या यादीत 'एम-आर' म्हणजे मराठी हे बरोबर. पण देशांच्या यादीत 'एम-आर' म्हणजे मॉरिटानिया, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा सहाराच्या वाळूतला देश! आणि 'आय-एन' ही १९८९ पर्यंत इंडोनेशियाच्या भाषेची खूण होती. पुढे ती बदलली. म्हणजे आमचे मराठी पान जुन्या यादीप्रमाणे मॉरिटानियात राहणाऱ्या इंडोनेशियन भाषिकांसाठी होते. असे कुटुंब सहाराच्या वाळूत कुठे असलेच, तर त्याला तांब्याची गरज नक्की असेल, एवढेच समाधान.

इंग्लंडच्या चिठ्ठीवर त्याने 'यू-के' लिहिले होते. इंग्लंडमधल्या संकेतस्थळांच्या पत्त्याला हेच शेपूट असते, तेव्हा कोणीही हेच लिहील. पण देशांच्या यादीत त्या राज्याची अक्षरे 'जी-बी', म्हणजे ग्रेट ब्रिटन. चिठ्ठी चुकली की यंत्र ती परत पाठवीत नाही, शेराही मारीत नाही. मुकाट्याने बाजूला टाकते. इंग्लंडचे आणि अमेरिकेचे पान दोन्ही इंग्रजीत, मजकूर जवळजवळ तोच. यंत्राने त्यांना एकच समजून अमेरिकेचे तेवढे पुढे ठेवले. म्हणजे लंडनच्या गिऱ्हाइकाला डॉलरमधली किंमत आणि औंसातले माप. तो औंसही अमेरिकेत मोठा आणि इंग्लंडात लहान.

"मामा, चुका सगळ्या माझ्याच," भाचा खाली मान घालून म्हणाला. मीही सज्जनपणे मान डोलावली. चिठ्ठ्या दुरुस्त झाल्या. आता गिऱ्हाइके येतील म्हणून आम्ही वाट पाहू लागलो.

शेजारच्या बिऱ्हाडातली मुलगी मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकते. एका संध्याकाळी ती आमच्याकडे भिशीचे पैसे द्यायला आली असता, मी तिला मोठ्या आढ्यतेने आमचे जर्मन पान दाखवले. तिने ते वाचले, पुन्हा वाचले आणि हळूच म्हणाली, "काका, रागावू नका, पण इथं तुम्ही 'उर्ने' लिहिलंय. जर्मनमध्ये उर्ने म्हणजे बहुधा... अस्थी ठेवतात ना, ते."

यंत्राने माझ्या 'अर्न'चे 'उर्ने' केले होते. यंत्राची चूक म्हणून मी हसणार होतो. पण हसू ओठांवरच राहिले. मी उठून इंग्रजी कोश काढला. 'अर्न' म्हणजे अस्थिकलश, हा अर्थ तिथेही पहिल्या ओळीत होता. मी तो वाचला नव्हता असे नाही. कवितेच्या भरात ओलांडून गेलो होतो. भाच्याने मग गुगलचा तो तक्ता उघडला, ज्यात कोणते शब्द शोधणाऱ्यांपुढे आपले पान आले, ते देशवार दिसते. जी काही थोडी माणसे आमच्या पानापर्यंत आली होती, ती जवळजवळ सारी अस्थिकलश शोधत होती.

आणि मग मला त्या इंग्लंडच्या बाई आठवल्या. किती मावते. झाकण घट्ट बसते का. वर नाव कोरून मिळेल का.

त्यांना मी लिहिले होते, की रात्री पाणी भरून ठेवावे आणि सकाळी प्यावे.

त्या रात्री मला जेवण गेले नाही. सौभाग्यवतींनी विचारले, तेव्हा सांगितले. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आपल्याकडंही लग्नात कलशच असतो आणि नाशिकला नेतात तोही कलशच. तुम्हाला फरक कळतो, कारण तुम्ही इथले आहात." मी त्या बाईंना माफीचे पत्र लिहिले. या पत्रात एकही भारदस्त शब्द नव्हता. उत्तर आले नाही. यावे अशी अपेक्षाही नव्हती.

सौभाग्यवतींच्या त्या वाक्यात या साऱ्या प्रकरणाचे सार आहे. ज्याला स्थानिकीकरण म्हणतात, ते भाषांतर नव्हे. भाषांतरात मी माझ्या जागी उभा राहून माझ्या वस्तूला दुसऱ्या भाषेतले नाव देतो. स्थानिकीकरणात मला गिऱ्हाइकाच्या जागी उभे राहून, तो ती वस्तू कोणत्या नावाने मागतो, ते ऐकावे लागते. जुन्या पेठेतला दुकानदार हे न शिकता करी. कोकणातला माणूस आला तर त्याच्या शब्दात, वऱ्हाडातला आला तर त्याच्या शब्दात. त्याला गिऱ्हाइकाचे तोंड दिसत असे. शब्द चुकला तर कपाळाला पडलेली आठी दिसत असे. शोधयंत्राच्या बाजारात ती आठी दिसत नाही. चुकीच्या शब्दाची शिक्षा म्हणजे नुसती शांतता, किंवा त्याहून वाईट, भलत्याच दुःखाने दार ठोठावणे.

मोठमोठ्यांचेही पाय इथे घसरले आहेत. ॲमेझॉनने ऑक्टोबर २०२० मध्ये स्वीडनचे दुकान उघडले, तेव्हा यंत्राने केलेल्या भाषांतरात मुलाबाळांदेखत वाचता येऊ नयेत असे शब्द निघाले आणि स्वीडनच्या झेंड्याच्या जागी अर्जेंटिनाचा झेंडा लागला होता. त्यांना ते लगेच सुधारता आले, कारण साऱ्या जगाने हसून सांगितले. आमच्यासारख्या लहान दुकानाला हसायलाही कोणी येत नाही.

आणि सगळीकडे एकच कारकून आहे, असेही नाही. चीनमधली आपली शोधसेवा गुगलने मार्च २०१० मध्ये हाँगकाँगकडे वळवली. तिथे बायडू नावाचे यंत्र आहे. दक्षिण कोरियात नेव्हर आहे. रशियात १९९७ पासून यांडेक्स आहे. रशियन भाषेत नामाला विभक्तीची रूपे पुष्कळ. आपल्या तांब्या, तांब्याला, तांब्यातून यांसारखी. ती सारी एकाच शब्दाची लेकरे आहेत, हे ओळखण्यावर या यंत्राने आरंभापासून भर दिला. व्याकरणाचा तास कंटाळवाणा असतो असे म्हणणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनी याची नोंद घ्यावी.

आम्ही सारा मजकूर नव्याने लिहायला घेतला. मी नव्हे, आम्ही. भाचा देशोदेशीचे लोक काय शोधतात ते पाहून सांगे, शेजारची मुलगी जर्मन पाहत असे, आणि मी शब्द खोडत असे. पाणी ओतायच्या अशा भांड्याला अमेरिकन माणूस 'पिचर' म्हणतो आणि इंग्रज 'जग' म्हणतो. यंत्राला समानार्थी शब्द अगदीच कळत नाहीत असे नाही. पण वाचणाऱ्या माणसाला आपला शब्द दिसला की दुकान आपले वाटते. जर्मनसाठी कोशात 'क्रूग' मिळाला. पण मुलगी म्हणाली, की त्याने बिअरचा पेलाही डोळ्यांपुढे येतो, टेबलावरच्या पाण्याच्या भांड्याला 'काराफे' म्हणतात. जर्मन किमतीत स्वल्पविरामाच्या जागी बिंदू आणि बिंदूच्या जागी स्वल्पविराम घातला. 'पवित्र' हा शब्द चारही पानांवरून गेला. तांबे किती जाड, वजन किती, पाणी किती मावते, ठोके हाताने दिले आहेत, एवढेच राहिले. वाचून पाहिले, तर माझ्या तीन रात्रींच्या मजकुरापेक्षा ते मलाच अधिक सुंदर वाटले.

मराठी पानाच्या चिठ्ठीचा प्रश्न उरला होता. "भाषा मराठी, देश भारत, असं लिहू?" भाच्याने विचारले. मग त्यानेच सांगितले, की देश लिहिलाच पाहिजे असे नाही; नुसते 'मराठी' लिहिले, तर जगात कुठेही मराठी वाचणाऱ्यासाठी ते पान ठरते. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते, आणि ते या देशातले, बाहेरचे वेगळे. मी म्हटले, देश लिहू नकोस. त्या पानावर मात्र मी 'तांब्या' असेच लिहिले. त्याला दुसरे नाव नाही.

नोंदी बदलायला यंत्राने काही आठवडे घेतले. गणपतीच्या सुमारास जर्मनीतून पहिली मागणी आली, मग इंग्लंडमधून दोन. आक्काच्या पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत. पण मेव्हण्यांचे वर्तमानपत्र तोंडापुढून थोडे खाली आले आहे. नाताळ जवळ येत आहे आणि आळीत आणखी एका कारागिराला काम मिळाले आहे, एवढे खरे.

इंग्लंडचे तांबे बांधायला मी मुद्दाम आळीत गेलो होतो. तांबटकाका गवताच्या गादीवर एक एक भांडे ठेवीत होते. पेटीवरचा इंग्रजी कागद पाहून त्यांनी विचारले, "सर, तिकडं याला म्हणतात तरी काय?"

"जग," मी म्हणालो.

त्यांनी हातातला तांब्या उजेडाकडे धरून फिरवला. मठारलेल्या अंगावर सकाळचे ऊन तुकड्यातुकड्यांनी चमकले.

"बरोबर आहे की," ते म्हणाले. "आमचं तर सगळं जग तांब्यातच आहे."

शब्दांच्या कुळकथा सांगणारा मी गप्प बसलो. घरी येऊन ते वाक्य तेवढे वहीत टिपून ठेवले.